वसवी

"काका, नुसतं दिसायला नीट करून द्या. ओढणारं आता घरात कुणी नाही," असं म्हणत त्या बाईंनी रुमालात गुंडाळलेला पाइप माझ्या बाकावर ठेवला. त्यांचे वडील देवळालीला तोफखान्यात होते. निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली. काचेच्या कपाटात त्यांच्या फोटोशेजारी हा पाइप ठेवायचा होता. मी तो खिडकीशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणालो, "ताई, करीन तर ओढण्याजोगा करीन. मग तुम्ही तो खुशाल कपाटात ठेवा."

त्या जरा बिचकल्या. मी स्वतः तंबाखूला शिवत नाही आणि कुणी ओढावी असंही मला वाटत नाही. त्या धुरानं माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण वस्तू ज्या कामासाठी घडवली ते काम तिला पुन्हा करता आलं पाहिजे, हे माझ्या वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं. ते कातारी. लाटणी, पाळण्याचे खांब, मुसळं, भोवरे असं सगळं त्यांच्या हातून निघे. एखादं पोर मोडका भोवरा घेऊन आलं की रंगाला हात लावण्याआधी ते त्याला नवी आर बसवून जमिनीवर फिरवून बघत. भोवरा डुगडुगला तर रंगाचा डबा उघडतच नसे.

पाइपचं लाकूड आपल्याकडचं नाही. भूमध्य समुद्राच्या काठाला, कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या भागांत 'एरिका आर्बोरिया' नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या खोड आणि मुळाच्या सांध्याशी जमिनीत एक मोठी गाठ धरते. ती मोठी व्हायला काही दशकं लागतात. गाठ खणून काढायची, तिचे ठोकळे पाडायचे, ते तासन्‌तास पाण्यात उकळून आतला रस काढून टाकायचा आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचे. यालाच ब्रायर म्हणतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरात सेंट-क्लोद नावाचं गाव आहे. तिथले कातारी यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा आणि देवाधर्माच्या वस्तू कातत असत. 1850 च्या दशकात त्यांच्या हाती ही गाठ लागली आणि ते गाव पाइपांचं गाव झालं. देवळाच्या दारात बसणाऱ्या कातकाम्यांची ही गोष्ट मला फार आपली वाटते. ब्रायरसारखं विस्तव सोसणारं लाकूड मी दुसरं पाहिलेलं नाही. एकदा हौसेनं पाइपसाठी शिसवाची वाटी कातली आणि एका मित्राला दिली. चौथ्यांदा भरून ओढताना तिचा तळ करपला.

बाईंच्या पाइपची वाटी उत्तम होती. दुखणं दांडीत होतं. वाटीतून निघालेली लाकडी दांडी जिथे संपते आणि तोंडात धरायची काळी नळी जिथे आत शिरते, तिथे एक चीर होती, जेमतेम 9 मिलिमीटरची. धूर दांडीतून जाताना निवतो आणि त्याची ओल लाकडात मुरते. लाकूड फुगतं, वाळतं, पुन्हा फुगतं. त्यात पाइप गरम असतानाच नळी ओढून काढायची सवय असली की तोंडाशी चीर पडतेच. आधी कुणा दुरुस्तीवाल्यानं या चिरेवर उपाय म्हणून नळीच दांडीत चिकटवून टाकली होती. कपाटात ठेवायच्या वस्तूला ते चाललं असतं. पण मग आतली साफसफाई कायमची बंद.

अडकलेली नळी पिळून काढू गेलं तर दांडी हातात येते. मी पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, ओल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवला. थंडीनं नळीचं एबोनाइट लाकडापेक्षा जास्त आकसतं. पहिल्या रात्रीनं काही झालं नाही. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी बाहेर काढून जरासा पीळ दिला आणि बारीक 'कट्' आवाज होऊन नळी मोकळी झाली. हा आवाज ऐकायला मी अजूनही श्वास रोखून बसतो.

मग स्पिरिट आणि लोकर गुंडाळलेल्या तारा. पहिली तार डांबर होऊन बाहेर आली, विसावी चहाच्या रंगाची आणि त्यापुढची कधीतरी पांढरी. वाटीच्या आतला जळका थर सगळा खरवडून टाकायचा नसतो, नाण्याच्या जाडीइतका ठेवायचा. तो लाकडाचं विस्तवापासून रक्षण करतो. फार वाढला तर तापून फुगतो आणि वाटीच तडकवतो.

आता चीर. भिंग लावून तिचं खरं टोक शोधायचं, कारण डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ती केसासारखी गेलेली असते. त्या टोकावर 1 मिलिमीटरचं भोक पाडलं. चिरेचा जोर त्या गोल भोकाशी येऊन थांबतो, पुढे पळत नाही. मग दांडीच्या तोंडात निमुळती काठी हलकेच दाबून चीर केसभर उघडली, फेविक्विकसारखा पातळ डिंक आत उतरू दिला, काठी काढली आणि दांडी दोऱ्यानं आवळून बांधली. भोकात ब्रायरचाच भुसा भरला. जुन्या फुटक्या पाइपांचा भुसा मी वेगळ्या बाटलीत जपून ठेवतो.

बरेच जण इथे थांबतात. घासून, पॉलिश करून चीर दिसेनाशी झाली की काम झालं असं म्हणतात. मला हे पटत नाही. त्या सांध्यावर तीन प्रकारचा भार येतो: वाटीची उष्णता, धुराची ओल आणि नळी घालता-काढताना हाताचा पीळ. तिन्ही भार एकट्या डिंकावर टाकले तर तो आज ना उद्या सुटणार. मुसळाला वसवी, म्हणजे धातूचं कडं, असते, छत्रीच्या काठीला असते, तशी इथेही घालावी लागते. आमच्या सोनारांकडून चांदीचं वळं करून घेतलं. चोख चांदी मऊ पडते, म्हणून त्यांनी तांब्याचा हात दिला. दांडीपेक्षा वळं किंचित घट्ट ठेवलं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती लाल करतो, चाकावर घालतो आणि पाणी ओततो. धाव आवळते आणि आरे, पाट्या सगळं एकजीव होतं. मी तेच स्पिरिटच्या दिव्यावर केलं. वळं तापवलं, लाकडी फळीवर धरून दांडी त्यात सरळ दाबली आणि निवू दिलं. निवताना वळ्यानं चीर मिटवून घेतली. आता नळीचं टोक आत जाईना. ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन-दोन फेरे घासून, पुन्हा पुन्हा घालून बघत बसवलं. एक फेरा जास्त झाला की नळी कायमची ढिली, म्हणून या कामाला मी सकाळीच बसतो.

नळी शेवाळासारखी हिरवट-तपकिरी झाली होती. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. उन्हानं आणि थुंकीनं त्याचा रंग उतरतो आणि घासायला घेतलं की खोलीभर गंधकाचा वास सुटतो. डाव्या बाजूला दातांचे दोन खड्डे होते. उकळत्या पाण्यात नळीचं टोक धरलं तर एबोनाइट आपला मूळ आकार आठवून वर येतं. हे मी शंभरदा पाहिलं असेल, तरी दरवेळी हातातलं काम थांबवून बघतो. मोठा खड्डा जवळपास भरून आला. लहान तसाच राहिला, तो हवेच्या वाटेत येत नव्हता. मी त्याला हात लावला नाही.

दांडीवरच्या छापालाही हात लावला नाही. पहिल्या वर्षी मी एक डनहिल कंपनीचा पाइप इतका गुळगुळीत केला होता की 'मेड इन इंग्लंड' पुसट झालं आणि त्यापुढचा बारीक आकडा साफ गेला. डनहिलच्या पाइपांवर त्या आकड्यावरून पाइप कोणत्या वर्षाचा ते कळतं. मालकानं मला एका शब्दानंही दुखवलं नाही, पण ते वर्ष आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून घासायला बसलो की छापावर आधी चिकटपट्टी लावतो.

शेवटी कार्नोबा मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण चाकावर घासून पातळ चढवलं की लाकडाचे रेषे आतून उजळतात. लॅकर मी वापरत नाही. तापलेल्या वाटीवर त्याला फोड येतात.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना रिकाम्या पाइपमधून एकदा हवा ओढून बघायला सांगितलं. त्या हसल्या, मग ओढली. कुठे शिट्टी नाही, कुठे अडकणं नाही. त्यांनी वळ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे बाबांच्या वेळी नव्हतं ना?" मी म्हणालो, "नव्हतं. चीर तिथे होती हे आता दिसत राहील." त्यांनी मान हलवली आणि पाइप त्याच रुमालात गुंडाळला.

तुमच्या घरात आजोबांचा असा एखादा पाइप पडून असेल तर एवढं करा. तो पाण्यानं धुऊ नका, नळी अडकली असेल तर पिळू नका, फर्निचरच्या पॉलिशवाल्याला देऊ नका. दुरुस्तीला द्यायचा असेल तर आहे तसा द्या, काजळीसकट.