पिंजऱ्यातली आई

आमचे बिऱ्हाड दौंडला आणि मूळ गाव शिरूर तालुक्यात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी चौफुला-न्हावरे रस्त्याने आम्हा नवरा-बायकोचे जाणे-येणे ठरलेले. कचेरीतली नोकरी सांभाळून वस्तीतली रेशनकार्डे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, निराधारांची प्रकरणे ही कामे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो. पुढे कुत्र्यांसाठीही अर्ज लिहाल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावाकडच्या एका पोराने आम्हाला रस्त्यापासून आत, उसाच्या कडेला असलेल्या एका शेडवर नेले. शेड कोंबड्यांची होती, पण कोंबड्या केव्हाच गेल्या होत्या. आत जाळीच्या खुराड्यांत कुत्र्या कोंडलेल्या होत्या. वर तापलेला पत्रा, डब्यात शेवाळलेले पाणी आणि नाक दाबून धरावे अशी घाण. शहरातल्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या फोटोंत जी गोजिरवाणी पिल्ले दिसतात, त्यांच्या आया या अशा.

कोपऱ्यात एक पग जातीची कुत्री होती. अंगाला लूत, कानांत गोचीड, नखे वाढून वळलेली, जाळीवर उभे राहून पंजांना जखमा. शेडवाला म्हणाला, "ताई, हिचं आता काही खरं नाही. सात वेळा व्याली. मागची पिल्लं जगली नाहीत. देतो सोडून स्टेशनकडं कुठंतरी."

आम्हाला राहवले नाही. दोन हजार रुपये मोजून आम्ही तिला घरी आणले. मुलांनी नाव ठेवले सोनी.

पहिले आठ दिवस सोनी एका फरशीवरून हलली नाही. खुराड्याएवढ्याच जागेत ती गोल फिरे. कोणी हात उचलला की जागेवरच मुतायची. डॉक्टरांनी तपासले तेव्हा अंगात रक्त कमी आणि गर्भाशयात पू. ऑपरेशन करून गर्भाशय काढावे लागले. मग जंताचे औषध, पिसाळण्याची लस, लुतेचा इलाज. भात आणि उकडलेले अंडे थोडे-थोडे करून दिवसातून चार वेळा. पगचे नाक चपटे, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. दुपारी तिच्याखाली ओले गोणपाट घालायचे. हौसेखातर माणसाने या जातीचे तोंडच असे करून ठेवले आहे.

आमची आई सुरुवातीला रागावली. "माणसांचे प्रश्न संपले काय रे?" वस्तीतले लोकही हेच विचारीत. आईच्या रागाला कारण होते. तिच्या लहानपणी गावच्या पाणवठ्यावर कुत्रे खुशाल पाणी पिऊन जाई आणि आपल्या बायकांनी घागर घेऊन लांब उभे राहायचे, कोणी वाढील तेव्हा भरायची. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यामागे हेच दुःख होते. आईला उत्तर काय द्यावे हे आम्हाला सुचले नाही.

उत्तर तिनेच दिले. महिनाभराने एका संध्याकाळी सोनी धाकट्या मुलाची चप्पल तोंडात धरून कोपऱ्यात गेली आणि पिल्लाला चाटावे तशी ती चाटत बसली. आई बराच वेळ पाहत होती. मग उठून तिने भाकरी दुधात कुस्करली आणि म्हणाली, "पाणी कुत्र्यानं नव्हतं अडवलं. अडवणारी माणसं होती. हिलाही माणसानंच कोंडलंय." राजगृहातल्या १९३४ सालच्या कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेब आणि रमाई यांच्यासोबत टॉबी हा त्यांचा लाडका कुत्राही आहे. तो फोटो आम्ही आईला दाखवला, तेव्हा ती नुसती हसली.

आता आमची चूक सांगतो. दोन महिन्यांनी तोच पोरगा सांगत आला की सोनीच्या खुराड्यात नवी तरणी कुत्री आली आहे. आम्ही बी.कॉम. शिकलेले, दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासणारे. पण आमचे दोन हजार त्या माणसाच्या जमेला पडले हे आमच्या ध्यानात आले नाही. ज्या कुत्रीला तो सोडून देणार होता, तिचेही आम्ही त्याला पैसे दिले.

मग आम्ही कायदा वाचला. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांच्या आतील कुत्रीपासून पिल्ले घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा घ्यायची नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. आम्ही फोटो जोडून अर्ज दिला. प्राणिमात्रांविषयी दया हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ (क) प्रमाणे नागरिकाचे कर्तव्य आहे, हेही त्यात लिहिले. तीन स्मरणपत्रांनंतर पाहणी झाली, तोवर शेड रिकामी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्याने कोण घाबरणार?

म्हणून खरी किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती आहे. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि घरोघरी पग हवा झाला. मागणी वाढली की कुठेतरी खुराडी वाढतात. आईपासून लवकर तोडलेले, लस न टोचलेले पिल्लू घरी आणले की पुष्कळदा पार्व्होने उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन चार दिवसांत जाते. मुले रडतात, आणि आपण दुसरे पिल्लू आणतो.

वाचक बंधुभगिनींनो, मुलांनी हट्ट धरला तर गल्लीतले एखादे गावठी पिल्लू घरी आणा. त्याला आपले ऊन सोसते आणि भाकरी पचते. विकतच घ्यायचे असेल तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी सांगा: नोंदणीचा कागद दाखवा आणि पिल्लाची आई दाखवा. आई दाखवायला जो कां-कूं करील, त्याच्या दारातून तसेच माघारी फिरा. दया येऊन पैसे मोजू नका, आम्ही मोजले तसे. फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

सोनी आता उंबऱ्यात झोपते. दाराची कडी वाजली की अजूनही दचकते. आई म्हणून दार उघडेच ठेवते.