चवदार तळ्यापासून समुद्रापर्यंत

समुद्र म्हटला की आपल्या लोकांना दादरची चौपाटी आठवते. ६ डिसेंबरला पांढरी वस्त्रे घालून घरातून निघायचे, रांगेत तासन् तास उभे राहायचे, चैत्यभूमीला वंदन करायचे, स्टॉलवर एखादे पुस्तक घ्यायचे आणि परतायचे. ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्या वाळूवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, त्या वाळूत खेळावे असे आमच्या मनात कधी आले नाही. म्हणूनच कोकणच्या समुद्रावर सहलीला जाण्याचे आम्ही घरात जाहीर केले, तेव्हा आमच्या सात वर्षांच्या कन्येने विचारले, "तिकडे पण रांग लावायची का?"

घरातले सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न मनातून जाईना.

सहलीची कल्पना तशी वर्षापूर्वीची. आमची चार कुटुंबे गेली वीस वर्षे एकमेकांच्या सुखदुःखात आहेत. लग्नकार्य असो, आजारपण असो, जयंती असो, एकाच्या घरी चहा उकळला की चार घरांत वास जातो. पण चौघे मिळून नुसते आनंदासाठी कुठे गेलो असे झाले नव्हते. मग दरमहा घरटी ८०० रुपये काढायचे ठरले. बारा महिन्यांत ३८,४०० रुपये जमले. हिशेबाची वही आमच्याकडे होती, कारण दिवसभर कचेरीत तेच काम.

चळवळीतील एका ज्येष्ठ मित्राला हे रुचले नाही. ते म्हणाले, "एवढ्या पैशात वस्तीतल्या किती मुलांच्या वह्या आल्या असत्या! आपल्याला ही चैन परवडते का?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, "वह्यांची वर्गणी वेगळी दिलेली आहे, दादा. ही त्यातली नाही." पण आमच्याही मनात खूट राहिलीच.

दुसरी अडचण मुक्कामाची आली. किनाऱ्यावरच्या एका गावात राहण्याची सोय होती. फोनवर सगळे ठरले. शेवटी समोरच्या गृहस्थांनी आडनाव विचारले, आम्ही सांगितले. "बघून कळवतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही. खोल्या खरोखरच भरल्या असतील, आम्ही कोणावर आरोप करीत नाही. पण वाचकहो, असा फोन ज्याला आलेला आहे, त्याला तो पुन्हा ओळखता येतो. अखेर आमच्या मित्राची बहीण दापोली तालुक्यातील एका बौद्धवाडीत असते, ती म्हणाली, "भाऊचे मित्र ते माझे भाऊच. पंधरा या नाहीतर पंचवीस या. विहाराचा हॉल मोकळा आहे."

मार्चमध्ये जोडून सुट्या आल्या. २० तारखेच्या पहाटे एका गाडीत पंधरा माणसे बसली. त्यात आमची सत्तरी उलटलेली आईही होती.

पहिला थांबा अर्थातच महाड. २० मार्च १९२७ रोजी याच गावात बाबासाहेब हजारो अस्पृश्य बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असे कागदावर ठरले होते. पण कागदावरचे पाणी घशाखाली उतरत नाही. ते उतरवायला माणसे चालत जावी लागली, त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. पुढे खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! त्रिसरण-पंचशील घेऊन, अभिवादन करून आम्ही गर्दीतून वाट काढीत बाहेर पडलो.

महाडला सावित्री नदी भेटते. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी महाडवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. आम्हीही तिच्यासारखे पश्चिमेकडे निघालो. मंडणगडमार्गे बाणकोटच्या रस्त्याला लागलो तसे डोंगर उतरत गेले, काजू-आंब्याच्या बागा दिसू लागल्या, खाजणात तिवरांची हिरवी दाटी दिसू लागली. ओहोटीमुळे चिखल उघडा पडला होता. त्यावर बोटभर निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून चिखलावर चालतो, हे पाहून मुले खिडकीला चिकटली.

बाणकोटच्या अलीकडे-पलीकडे न रेंगाळता आम्ही सायंकाळी वेळास गाठले. हे गाव कासवांचे म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी वाळूवर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आता अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यांत ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात.

त्या दिवशी एका टोपलीखाली पिल्ले निघाली होती. तळहातावर मावतील एवढी, काळपट. मंडळींना दोरीच्या मागे उभे केले आणि पिल्ले वाळूवर सोडली. आमच्या मित्राच्या मुलाने विचारले, "काका, थेट पाण्यातच का नाही सोडत?" कार्यकर्त्याने समजावले, "वाळूवरून त्यांनी स्वतःच चालले पाहिजे. याच किनाऱ्याची ओळख घेऊन ती जातात, मोठी झाल्यावर माद्या अंडी घालायला अशाच ओळखीच्या किनाऱ्याकडे परततात." पिल्ले अडखळत, पावलांच्या खळग्यात पडत, पुन्हा वर येत निघाली. लाट आली की दोन जात, एक मागे ढकलले जाई आणि पुन्हा चालू लागे.

आमच्या मनात सकाळचे महाड होते. तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत, फक्त माणसाला मनाई होती. या पिल्लांना जन्मल्या क्षणी पाण्याची वाट मोकळी आहे. आपल्या पिढ्यांना ती का नव्हती? आई एवढेच म्हणाली, "वाट दावायला आय नाय, बाप नाय, तरी कशी जातात बघ."

रात्री उशिरा बौद्धवाडीत पोहोचलो. बहिणीने तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि सुकटीची चटणी करून ठेवली होती. वाडीतली मंडळी जयभीम करायला आली आणि मुंबईच्या कोणत्या भागात कोण राहतो, याची चौकशी होऊन अर्ध्या तासात नाती निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर निघालो. वाडी गावाच्या शेवटच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. नारळी-पोफळीच्या बागा, पाटाचे पाणी, सगळे मधल्या घरांचे. समुद्र गाठायला पाऊण तास चालावे लागले. किनाऱ्यावर मुलांना आवरणे अशक्य झाले. इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. पाऊल वाजले की सगळे बिळात. वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरली होती. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते, हे आमच्या मित्राने मुलांना सांगितले. पाण्यावर कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. वहिनी मंडळींनी आधी पदर सावरला, मग एकीने दुसरीला ओढले आणि पाहता पाहता चौघी गुडघाभर पाण्यात मुलींसारख्या ओरडू लागल्या. त्यांना एवढे मोठ्याने हसताना आम्ही क्वचितच ऐकले होते.

आई मात्र वर, सुरूच्या झाडाखाली बसून राहिली. "मला नको, तुमी खेळा," म्हणाली.

नंतर दापोलीजवळच्या वणंद गावी गेलो. ७ फेब्रुवारी १८९८ रोजी माता रमाईंचा जन्म येथे झाला. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोहोचवीत. त्या हमालीवर संसार चाले. आईवडील लवकर गेले, पोरकी भावंडे मुंबईला आली आणि १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमराव-रमाईंचे लग्न लागले. पुस्तकात हे अनेकदा वाचले होते. त्या मातीवर उभे राहून ऐकताना मुले गप्प झाली. आईने दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ ते खाली केले नाहीत.

सायंकाळी हर्णै बंदर पाहिले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्यांची दाटी. बैलगाड्या थेट पाण्यात घालून मासळी किनाऱ्यावर आणली जात होती. बैलांच्या पोटापर्यंत लाटा येत होत्या. वाळूवर लिलाव सुरू होता. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडे यांचे ढीग, भोवती माणसांचे कडे आणि भाव पुकारणाऱ्यांचा आवाज. लिलाव संपला की बाया टोपल्या भरून डोक्यावर घेत आणि चढाला लागत.

आई त्या बायांकडे पाहत होती. मग स्वतःहून बोलू लागली. तिचे माहेर याच तालुक्यातले. लग्नाआधी ती आपल्या आईबरोबर ओझी वाहायला किनाऱ्यावर येई. येताना लाकडाची मोळी, जाताना सुकटीची पाटी.

"म्हणजे समुद्र तू पुष्कळ पाहिलास की!" आम्ही म्हणालो.

"कुठला बगते? डोक्यावर पाटी आन् नजर पायाखाली. पाटी सांडली तर दिवसाची मजुरी गेली. समिंदराचा आवाज ऐकलाय, बगितला नाय."

आम्ही चाळिशी ओलांडली, सभांतून भाषणे केली, निवेदने लिहिली, पण आईची ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळली. समुद्रापासून दोन कोसांवर जन्मलेल्या बाईने समुद्र पाहिला नव्हता. पुढे मुंबईत पाहिला तो चैत्यभूमीवर, डोळ्यांत पाणी असताना. आधी ओझ्याचा, मग शोकाचा. आनंदाचा समुद्र तिच्या वाट्याला आलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी निघायचे होते. पहाटे आईनेच आम्हाला उठवले. "चल, एकदा जाऊन येऊ." आम्ही, आमची सौभाग्यवती, कन्या आणि आई असे चौघे निघालो. वाडीतल्या एका जाणत्या माणसाला बरोबर घेतले. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कुठे ओढ आहे, कुठे खळगा आहे, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असते. आईने चपला वाळूत काढून ठेवल्या. हातात पिशवीसुद्धा घेतली नाही. नातीचा हात धरून ती पाण्यात गेली, घोटाभर, मग गुडघाभर. लाट आली तशी ती मटकन खाली बसली. आम्ही घाबरून धावलो, तर ती हसत होती. लुगडे भिजले, केस भिजले. ओंजळीत पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि म्हणाली, "खारट हाय गं बाय!" नात म्हणाली, "आजी, सगळ्यांना माहीत असतं!" आजी म्हणाली, "मला आज कळलं."

परतीच्या वाटेवर बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे येथे थांबून वंदन केले आणि रात्री मुंबईला पोहोचलो. हिशेब केला, २,१४० रुपये उरले. ते वस्तीतल्या अभ्यासिकेला दिले.

ज्येष्ठ मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याजवळ आहे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या फक्त ओझे वाहिले, त्याने एक दिवस रिकाम्या हाताने समुद्रावर जाणे ही चैन नव्हे. ओंजळभर पाण्यासाठी आपले लोक महाडला चालत गेले ते केवळ तहान भागवायला नव्हे, माणूस म्हणून उभे राहायला. माणूस म्हणून उभे राहण्यात हसणेही आले, खेळणेही आले. मात्र कर्ज काढून जाऊ नका, वर्षभर थोडे थोडे साठवा. मद्याची बाटली बरोबर नेऊ नका, ते पंचशीलात बसत नाही आणि समुद्रात जीवही जातो. प्लॅस्टिक परत आणा. कासवे पाहायला गेलात तर बॅटरीचा प्रकाश टाकू नका, आरडाओरडा करू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना आधी विचारा, त्यांनी काय पाहायचे राहिले आहे ते.

आईची ती हकिकत आम्ही ज्येष्ठ मित्राला सांगितली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला मात्र ८०० रुपये घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आमचं पण नाव लिहा. आमच्या म्हातारीनेही समुद्र फक्त दादरलाच पाहिलाय."

वहीत पाचवे नाव लिहिले आहे. जयभीम.