हरळी

माझं निम्मं आयुष्य हरळीच्या काशा वेचण्यात गेलं. नांगरट झाली, वखर झाला, की टोपली घेऊन उन्हात वावरभर फिरायचं, काशा गोळा करायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या. बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पावसाळ्यात हातभर पसरणार. आणि आमच्या घरातली निम्मी चूल ह्याच हरळीवर पेटली असं सांगितलं तर कुणालाही खोटं वाटेल. पण ते खरं आहे.

आमच्या शिवेला लागून एक गोल्फ क्लब आहे. इंग्रजांच्या काळातला, नऊ होलचा. तीच नऊ होलं दोनदा खेळायची आणि अठरा पुरी करायची. जमीन सरकारची, क्लबाकडे भाडेपट्ट्यानं. मधल्या लांब हिरव्या पट्ट्याला फेअरवे म्हणतात आणि शेवटी जिथं भोक असतं त्या गोल तुकड्याला ग्रीन. भोक सव्वाचार इंचाचं, जगात कुठंही जा, तेवढंच. ग्रीनवरच्या गवताला साहेब लोक बर्म्युडा म्हणतात. मी पहिल्यांदा खाली बसून ते गवत बोटानं उचलून बघितलं आणि मला हसू फुटलं. अहो, ती आपली हरळी! हरळी नाहीतर तिची सख्खी बहीण. ज्या गवतापायी माझ्या बापाची कंबर गेली, त्याला इथं बारीक रेती चाळून घालत होते, वेळेवर खत देत होते, रोज सकाळी मशीन फिरवून चार-पाच मिलिमीटरवर कापत होते.

क्लबाशी माझी ओळख १९७२ ची. दुष्काळात आई-बाप खडी फोडायला जायचे. सुकडी आणि मिलोवर दिवस चालले होते. मी अकरा-बारा वर्षांचा. गावातली पोरं कॅडी म्हणून जायची, त्यांच्यामागं मीही गेलो. साहेबाची पिशवी खांद्यावर घ्यायची, पिशवी माझ्याहून फार लहान नव्हती, आणि चेंडू कुठं पडला ते नजरेत धरायचं. चेंडू माणसाच्या दिशेनं गेला की साहेब 'फोर' म्हणून ओरडायचे. आम्हाला वाटायचं, क्रिकेटसारखा चौकार मारला. आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा टाळी वाजवता वाजवताच एका पोराच्या पाठीत चेंडू बसला, तेव्हा फोर म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

तेव्हा ग्रीन नव्हतेच. ब्राऊन होते. रेतीत तेल कालवून गोल खळं केलेलं असायचं. खेळून झालं की पायाचे ठसे आम्ही फळीनं ओढून साफ करायचे. पाणी लागत नसे. म्हणून दुष्काळातही खेळ चालला आणि खेळ चालला म्हणून माझ्या घरात मिलोच्या भाकरीबरोबर कधी कधी गुळाचा खडा आला. आज्याला मात्र मी तिथं जातो हे आवडत नसे. त्याच्या लहानपणी ते रान गुरं चारायचं होतं. तो म्हणायचा, 'आपल्याच रानात हमाली करायला जातो.' आज्याचं खोटं नव्हतं. गुळाचा खडाही खोटा नव्हता. दोन्ही धरून मी मोठा झालो.

पुढं बोअर झाले, जमिनीखालून पाइप गेले, ब्राऊनचे ग्रीन झाले. गावातली माणसं कामाला लागली. गवत कापणारी, पाणी देणारी, बंकरची रेती ओढणारी. गणपतीत बाया कुंपणापाशी उभ्या राहायच्या आणि माळी आतून दूर्वा तोडून द्यायचे. पुढं पुढं औषधाची फवारणी वाढली, तेव्हा आमच्या घरातून सांगणं झालं, देवाला दूर्वा आपल्या बांधावरचीच आणा.

आज तिथं गावातली चौदा माणसं आहेत. त्यात माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. वीस वर्षं झाली त्याला. कुठल्या ग्रीनखाली कुठला पाइप, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या कोपऱ्यात पावसाचं पाणी तुंबतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. कागदावर मात्र ह्यातलं काही नाही. जुन्या माळ्यानं त्याला चालता चालता दाखवलं, त्यानं लक्षात ठेवलं.

गेल्या वर्षी भाडेपट्ट्याची मुदत संपली. आजवर सभासदांची कमिटी क्लब चालवायची. आता काय होणार ते कुणालाच कळेना. चहाच्या टपरीवर तीन बातम्या होत्या. एक म्हणे पट्टा वाढणार आणि कमिटीच राहणार. दुसरी म्हणे एका कंपनीला ठेक्यानं देणार आणि कंपनी आपली माणसं आणणार. तिसरी म्हणे अर्धी होलं मोडून तिथं इमारती होणार. प्रत्येक बातमी सांगणारा आतल्या गोटातला होता.

ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना कुठल्याच बैठकीला बोलावलं नव्हतं. शेवटी पुतण्या मला घेऊन सेक्रेटरी साहेबांकडं गेला. साहेब वयस्क, बोलायला चांगले. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, 'तुमच्यापासून काय लपवू? मला स्वतःलाच काही माहीत नाही. नवीन हुकूम येईपर्यंत खर्चाच्या कागदावर सही करायचा मला अधिकार नाही.'

त्या एका वाक्यात सगळं आलं. सही नाही म्हणून रेतीची गाडी नाही. सही नाही म्हणून मशीनला डिझेल नाही, घासलेलं पातं बदलायचं नाही. पगार पहिले दोन महिने उशिरा झाला आणि तिसऱ्या महिन्यात झालाच नाही. कुणी वाईट वागत नव्हतं. सगळे वाट बघत होते. पण गवत वाट बघत नाही. फाल्गुन सरत आला होता. कापणी चुकली की ते जाडंभरडं होतं आणि चैत्रात चार पाणी चुकली की ग्रीन जागोजागी पिवळा पडतो. मग तो उभा करायला वर्ष जातं.

परत येताना मी पुतण्याला म्हणालो, 'पगार येईल तेव्हा येईल. तुम्ही पाणी बंद करू नका. रान एकदा हातचं गेलं की कुणाच्याच कामाचं राहत नाही.'

तो चालता चालता थांबला. म्हणाला, 'नाना, वावर आपलं होतं तेव्हा तुम्ही दोघा भावांनी बांध घातला नाही. आणि हे कुणाचं हेच माहीत नाही, ते मी फुकट जपू?'

मला बोलता येईना. त्याचं कारण सांगायला पाहिजे.

वडील गेल्यावर आम्हा भावांत वाटणीवरून वाद झाला. पाच एकराचा काळा तुकडा. सहा वर्षं तो कोर्टात पडला. तारखेला आम्ही एकाच एसटीनं जायचो, तो पुढं बसायचा, मी मागं. त्या सहा वर्षांत त्या तुकड्यात ना त्यानं खत टाकलं ना मी. निकाल त्याच्या बाजूनं लागला तर माझं शेणखत वाया, माझ्या बाजूनं लागला तर त्याचं. दुसऱ्या पावसाळ्यात खालचा बांध फुटला. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. मी म्हणालो तो घालेल, तो म्हणाला मी घालीन. पुढच्या चार पावसाळ्यांत वरची माती ओढ्यात गेली आणि कोपऱ्यात मुरूम उघडा पडला. वावरभर हरळी माजली, औत चालेना. शेवटी कंटाळून आपसात मिटवलं, अर्धं अर्धं केलं. भाऊ परत भाऊ झाला. माती परत आली नाही. त्याच्या वाट्याला मुरमाची बाजू आली. अडीच एकरात, त्यात निम्मा मुरूम, पोराचं भागेना. म्हणून तो क्लबात कामाला लागला.

म्हणजे तो तिथं का आहे ह्याचं उत्तर मीच होतो. आणि मीच त्याला रान जपायचं शहाणपण सांगत होतो.

घरी येऊन मला झोप लागली नाही. हिनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, 'पोरगं बरोबर बोललं. पण तुम्हीही खोटं नाही बोललात. ह्यातून दोघांनी मिळून काय ते काढा.'

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या घरी गेलो. चौदापैकी अकरा माणसं जमली. मी आधी माझी चूक कबूल केली, बांधाची. भाऊ तिथंच होता, खाली बघत बसला. मग म्हणालो, फुकट काम करा असं मी पुन्हा म्हणणार नाही. तुम्हीच ठरवा. बरीच बोलाचाली झाली. एक जण म्हणाला, सोडून देऊ, वाळलं की साहेबांना किंमत कळेल. पुतण्याच त्याला म्हणाला, 'वाळलं तर नवा येणारा म्हणेल, इथं माणसं कशाला पाहिजेत? आणि इमारती करणाऱ्याला तर वाळलेलंच पाहिजे.' शेवटी असं ठरलं की फेअरवे सोडायचे, फक्त नऊ ग्रीन धरायचे. दोघादोघांची पाळी लावायची. पाळी नसेल त्यानं बाहेर मजुरी करायची. प्रत्येक पाळीची तारीख वहीत लिहायची आणि खाली सह्या करायच्या. पुढंमागं जो कुणी मालक येईल त्याच्याकडं तेवढ्या दिवसांचे पैसे मागायचे.

मी दहावी शिकलेला. गावात अर्ज लिहायचं काम माझ्याकडंच येतं. चौदा जणांची नावं, कोण किती वर्षं, काय काम करतो, किती पगार बाकी, सगळं लिहून तीन प्रती केल्या. एक क्लबाला, एक ज्या खात्याची जमीन त्या खात्याला, एक कामगार कार्यालयाला. पोच घेतली. पुतण्यानं वेगळ्या वहीत सगळ्या पाइपांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा काढला. मी म्हणालो, हाही अर्जाला जोडू. तो हसला. म्हणाला, 'नाना, हा नाही जोडायचा. जो येईल त्यानं आधी आमची नावं हजेरीवर घ्यावी, मग नकाशा.' ह्या बाबतीत तो माझ्याहून जास्त शिकलेला आहे.

माझी मुलगी नाशिकला दिली आहे. मध्ये तिच्याकडं गेलो होतो. नातू म्हणाला, आजोबा, गोल्फ क्लबवर चला, मॅच आहे. तिथं कळलं, ह्या मैदानाला नाव हुतात्मा अनंत कान्हेरे ह्यांचं आहे. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली ते कान्हेरे. पण रिक्षावाल्याला विचारा, तो गोल्फ क्लबच म्हणणार. पूर्वी साहेब लोक तिथं गोल्फ खेळायचे. आता तिथं रणजीचे सामने होतात, सकाळी म्हातारी माणसं फिरतात. गोल्फचं नाव तेवढं राहिलं. मी कडेला बसून नातवाची बॅटिंग बघत होतो आणि मनात येत होतं, खेळ जातो, मालक जातात, नावही बदलतं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण इथंही कुणीतरी माळी असेल, त्याला कुठला पाइप कुठं हे पाठ असेल, त्याचं पुढं काय झालं? हे मात्र कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

हे लिहितो आहे तोवर क्लबाचा निकाल लागलेला नाही. अर्जाला उत्तर आलेलं नाही. एका महिन्याचा पगार झाला, बाकीचा राहिला. फेअरवे पार वाळले, त्यावर गुरं शिरतात, आज्या असता तर खूश झाला असता. नऊपैकी सात ग्रीन हिरवे आहेत. दोन गेले.

परवा संध्याकाळी पुतण्याच्या पाळीचा जोडीदार आला नाही, म्हणून मी गेलो. त्यानं व्हॉल्व्ह फिरवला, मी पाइप ओढला. अंधार पडेपर्यंत आम्ही हरळीला पाणी दिलं. परत येताना वाटेत मुरमाची बाजू लागते. तिथल्या खालच्या बांधाला पुन्हा भेग पडली आहे. तो म्हणाला, 'नाना, पावसाच्या आत घालायला पाहिजे.' मी म्हणालो, 'उद्या सकाळी फावडं घेऊन येतो. तुझ्या बापालाही सांग.'