सेफ्टी कुणापासून?

पिस्तूल घ्यावं की नाही यावर आमच्या घरी वर्षभर खल झाला. टेक्ससमध्ये राहतो, तेही गावाबाहेर, शेरिफची गाडी पोचायला वेळ लागतो, वगैरे वगैरे. तो वाद इथे पुन्हा उकरत नाही. (आई, तू वाचत असशील तर फोनवर बोलूच!) घ्यायचं ठरलं आणि पुढचा प्रश्न आला: सेफ्टी कुठली?

सिनेमात सेफ्टी म्हणजे एक खटका. प्रत्यक्षात प्रकार बरेच. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. म्हणजे हत्यार कायम तयार. या तयारीला लगाम घालायचे निरनिराळे मार्ग लोकांनी काढले.

जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलाला '१९११' म्हणतात, कारण अमेरिकन सैन्याने ते त्या साली स्वीकारलं. त्याला अंगठ्याचा खटका आहेच, शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी आहे. मूठ नीट आवळली नाही तर गोळी सुटत नाही. १९२९ च्या वॉल्थर पीपीमध्ये वर चढलेला घोडा गोळी न सुटता खाली आणता येतो. मग पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पुढच्यांना हलका. आणि ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये घेतलेल्या ग्लॉकला बाहेरून खटकाच नाही! चापावर छोटी पट्टी आणि आत दोन अडसर, बस्स.

दुकानदाराचं म्हणणं, "खटका नकोच. जीव घाबराघुबरा झाला की तो खाली करायचं राहून जातं." बायकोचं म्हणणं, "खटका हवाच. घरात बारा वर्षांचा मुलगा आहे." दोघंही बरोबर. गंमत अशी, की दोघं वेगवेगळ्या अपघातांबद्दल बोलत होते.

मग मी कागद घेऊन अपघातच लिहून काढले. हातातून पडलं तर? त्यासाठी आतला अडसर, तो आता बहुतेक चांगल्या पिस्तुलांत असतो. म्यानात घालताना जॅकेटची दोरी चापात अडकली तर? तिथे खटका किंवा जड चाप वाचवतो. मॅगझिन काढलं, पण चेंबरमधली गोळी राहिली तर? १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझिनशिवाय चाप चालत नाही. पण त्याची सवय लागली की 'मॅगझिन नाही म्हणजे रिकामं' असं हाताला वाटू लागतं, आणि पुष्कळ पिस्तुलांत ती एक गोळी तरीही सुटते.

शेवटची ओळ होती: मुलाच्या हाती लागलं तर? तिच्यापुढे लिहायला काही सापडेना. बारा वर्षांच्या मुलाला खटका उमगायला एक मिनिट पुरे. मुद्दाम ओढलेला चाप कुठलीच सेफ्टी अडवत नाही, ती त्यासाठी नसतेच. त्याचं उत्तर पिस्तुलात नाही, कुलपात आहे. टेक्ससचा कायदाही तेच म्हणतो: भरलेलं हत्यार सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं गुन्हा आहे.

हे लक्षात आल्यावर भांडण बरंच सोपं झालं. मुलासाठी भिंतीला पक्की केलेली पोलादी पेटी, नंबर फक्त आम्हा दोघांना. पिस्तुलाची सेफ्टी आमच्या स्वतःच्या हातांसाठी. आम्ही खटक्याचं स्मिथ अँड वेसन एम अँड पी घेतलं. बायको डावखुरी आहे आणि त्याचा खटका दोन्ही बाजूंना असतो. शिवाय ठरलं की घरात दुसऱ्या जातीचं पिस्तूल आणायचं नाही. १९११ चा खटका खाली केला की गोळी सुटू शकते, बेरेटा ९२ चा वर केला की. अंधारात हात गोंधळला तर संपलंच.

दुकानदाराचा मुद्दा सरावाने भागवायचा. रविवारी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोनदा तपासून, आम्ही आळीपाळीने खटका खाली-वर करतो. चापाला बोट लावायचं नाही.

मुलाला पेटी दाखवली, आत काय आहे तेही सांगितलं. लपवलेल्या वस्तूचं कुतूहल जास्त असतं. त्याने विचारलं, "बाबा, सेफ्टी लावली असली तरी गोळी सुटू शकते?"

"यंत्र आहे, बिघडू शकतं," मी म्हटलं. "म्हणून त्याचं तोंड कधीच कुणाकडे करायचं नाही."

"मग घरात कशाला ठेवायचं?"

याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. अजून शोधतोय.