आयर्विनखाली किती फूट?

आमच्या पिढीच्या सांगलीत पावसाळ्यातली संध्याकाळ आयर्विन पुलावर जायची. १९२९ साली उभ्या राहिलेल्या या पुलाशी फुटांचे आकडे रंगवलेले असायचे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि घरी येऊन सांगायचं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे पाढ्यांसारखं पाठ. नवं गढूळ पाणी आलं की बायका कृष्णामाईची ओटी भरायच्या, पट्टीची पोहणारी पोरं कठड्यावरून उड्या टाकायची. वडीलधारी मंडळी मात्र बोलायची ती हरिपूरच्या संगमाबद्दल. वारणा फुगली की ती कृष्णेला पुढे सरकू देत नाही, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळलं. पाटबंधाऱ्याचा एखादा माणूस त्या गर्दीत हमखास असायचा. “साहेब, कोयनेतून किती सोडलंय?” असं त्याला तोंडावर विचारता यायचं, आणि त्याला उत्तर द्यावं लागायचं.

आता तो आकडा मोबाइलवर येतो. कोयनेचा विसर्ग, वारणेचा साठा, हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा, सगळं घरबसल्या. पुलावर जायचं कारणच उरलं नाही. आणि हे चांगलं झालं. तेव्हाची दवंडी गावठाणात फिरायची, मळ्यातल्या वस्तीपर्यंत पोचायची नाही. रात्री पाणी चढलं तर दावणीची जनावरं सोडायलाही वेळ मिळायचा नाही. ज्या दिवसांसाठी आम्ही हळवे होतो, ते नदीकाठच्या गरिबाला फार महाग पडायचे.

जुन्या शहाणपणाचा सर्वांत मोठा पराभव आम्ही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाहिला. “२००५ च्या पुरात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, याहून वर येणार नाही,” असं म्हणत कितीतरी जण घरातच थांबले. सामान वर ठेवलं तेही २००५ ची खूण धरूनच. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. आठवणीवर बेतलेला अंदाज आठवणीपलीकडच्या पावसाला पुरला नाही.

तरीही त्या पुलावरच्या प्रश्नोत्तरांची हळहळ वाटते. कारण आज अडचण माहितीच्या तुटवड्याची नाही. पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली, सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी प्रणाली २०२५ पासून हवामान खात्याच्या हाती आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पूर आधी ताडणारी संगणकीय यंत्रणा जलसंपदा विभागाकडे त्याच्याही आधीपासून आहे. पण हवामानशास्त्रज्ञ बोलतो शक्यतेच्या भाषेत आणि धरणावरच्या अभियंत्याला हवं असतं हो किंवा नाही. कोयना धरण १०५ टीएमसीचं. पुढच्या आठवड्यात घाटमाथ्यावर अतिवृष्टीची शक्यता आहे म्हणून आजच पाणी सोडायचं, आणि पाऊस आलाच नाही तर? मग वीज आणि मे महिन्यातलं पिकाचं पाणी गेलं, त्याचा जाब त्या एकट्या अभियंत्याला. नाही सोडलं आणि पाऊस कोसळला, तर सांगली त्याच्याच नावाने बोटं मोडणार. धरण कुठल्या तारखेला किती भरलेलं असावं याची परिचालन सूची त्याच्याजवळ असते. ढगाला ती माहीत नसते. अंदाज चुकला तर जबाबदारी कोणी, किती वाटून घ्यायची, हे आपण शास्त्रज्ञ, अभियंता आणि मंत्री यांना एकत्र बसवून ठरवलेलंच नाही. माझ्या मते सगळा गुंता इथे आहे.

पूर्वी अलमट्टी, कृष्णेवरचं खालच्या अंगाचं कर्नाटकातलं धरण, हा शब्द आमच्या बोलण्यात नव्हता. आता त्याच्याशिवाय पुराची गोष्ट होत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं, अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. नदीकाठच्या गावांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. धरणाच्या फुगवट्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ त्या गावांच्या चावडीवर बसून शंका ऐकून घेते, तर कदाचित दोघांनीही काही बदललं असतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांनी विसर्गाची माहिती एकमेकांना देण्याचं मान्य केलं, त्याचा २०२१ च्या जुलैत उपयोग झाला असं अधिकारी सांगतात. पूर मात्र तेव्हाही आला.

पूर्वी पुलावर चुकीचं उत्तर देणारा माणूस तरी समोर असायचा, आता बरोबर आकडा असतो आणि समोर कोणी नसतं. म्हणून मागणं एवढंच: दर मे महिन्यात, कृष्णेच्या पात्रात वाळू दिसत असताना, पुण्याचे हवामानशास्त्रज्ञ, कोयना-वारणेचे अभियंते, सांगली-कोल्हापूरचे जिल्हाधिकारी, अलमट्टीचे अधिकारी आणि ब्रह्मनाळ, हरिपूरसारख्या गावांची माणसं एका सभागृहात बसावीत. गेल्या वर्षी कुठला अंदाज चुकला, कुठला दरवाजा कोणत्या दिवशी किती उघडला, तो उघडायचा निर्णय कोणाचा होता, हे उघड सांगितलं जावं. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना उलट विचारता यावं.