मार्गळीतलं चेन्नई

मैलापूर, २० डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

मार्गळी महिना लागला की या शहराला गाण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या सभेत कचेरी, म्हणजे मैफल, चालू असते. दुपारी नव्या मुलामुलींचं गाणं, बहुतेक ठिकाणी विनातिकीट. संध्याकाळी नावाजलेले गवई.

आज म्युझिक अकादमीत गेले. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याबरोबर झालेल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी ही संस्था निघाली. माझ्या शेजारी एक आजी होत्या. आदिताल सुरू झाला आणि त्यांचा हात मांडीवर आपसूक चालायला लागला: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा, पुन्हा टाळी, तळवा उलटा, टाळी, तळवा उलटा. आठ मात्रा. पुढच्या रांगेतही तेच, मागेही तेच. गायिका कल्पनास्वर गात कितीही लांब गेली तरी समेवर सगळे हात एकत्र पडत होते. ऐकणाऱ्यानं इतकं जागं असावं, हे मला आपल्याकडेही हवं आहे.

आणखी एक. गायिकेची आलापी संपली की व्हायोलिनवाला तोच राग स्वतःच्या विचारानं मांडतो आणि ती तेवढा वेळ गप्प बसून ऐकते. आपल्या पेटीवाल्यांना एवढी मोकळीक कोण देतं?

मात्र मृदंग आणि घटमचं तनी आवर्तनम, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन, सुरू झालं तशी कितीतरी माणसं कॉफीला उठून गेली. फार वाईट वाटलं. कचेरीतला सर्वांत अवघड हिशेब तेव्हाच चालू होता.

२४ डिसेंबर

आज सकाळी गाणं नाही, चित्रं-शिल्पं. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तिरुवेंकाडूचा अर्धनारीश्वर पाहिला. चोळांच्या काळातला, अकराव्या शतकातला ब्राँझ. शिवाच्या बाजूला दोन हात, पार्वतीच्या बाजूला एकच. तरी तोल कुठे ढळत नाही. तिच्या बाजूच्या कमरेचा बाक सगळं सावरून धरतो.

दुपारी समुद्राकाठच्या चोळमंडलला गेले. के. सी. एस. पणिक्करांनी १९६६ साली बरोबरच्या चित्रकारांना घेऊन हे गाव वसवलं. बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून त्यांनी जमिनीचे पैसे उभे केले. पणिक्करांच्या उत्तरकाळातल्या चित्रांत पंचांगासारखी अक्षरं, कोष्टकं, चिन्हं दाटीवाटीनं येतात. ती वाचता येत नाहीत, पण डोळा ओळीओळीनंच फिरतो.

२९ डिसेंबर

आत्या, काल कचेरीच्या शेवटी अभंग झाला! मुख्य राग, तनी सगळं उरकल्यावर हलक्या रचना येतात, त्यात आता अभंग हमखास असतो. गायिका अरुणा साईराम यांनी तो इथल्या रसिकांच्या मनात पक्का बसवला. त्या मुंबईत वाढलेल्या. पण धागा जुना आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तनकार यायचे आणि इथली हरिकथा त्यांच्याच वळणावर घडली. काल ‘विठ्ठल’ म्हणताना ळ-लचा घोळ एकाचाही झाला नाही, आणि त्या तालाला मराठी येत नसलेलं अख्खं सभागृह टाळ्या देत होतं.

पुढच्या डिसेंबरात तू ये. अकादमीत रोज सकाळी सप्रयोग व्याख्यानं असतात. तुझ्या मोठ्या विद्यार्थिनींना बरोबर आण. राहायची सोय मैलापुरातच करू, म्हणजे पायी फिरता येईल. गाडीचं तिकीट मात्र आधीच काढायला हवं.

तुझी,
मीनू