बुजवलेल्या विहिरीची जागा

२०२४ चा मार्च. बंगळूरच्या इंदिरानगरातल्या एका शांत गल्लीत, सकाळी साडेसहाला, पंपाचा आवाज बदलला. सून दूध तापवत होती, तिच्या काही लक्षात आलं नाही. सासूबाई मात्र देवपूजा अर्धी टाकून बाहेर आल्या. "अगं, पंप बंद कर आधी. कोरडा फिरतोय तो."

सातशे फुटांवरचं बोअर आटलं होतं. एकाच घराचं दुःख असतं तर गोष्ट वेगळी! त्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरपैकी जवळजवळ सात हजार कोरडी पडली होती. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. कावेरीचं पाणी म्हणावं तर ते शंभरेक किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणायचं. ते सगळ्यांना पुरणार कसं?

"आणखी चारशे फूट खाली जाऊ या," मुलगा म्हणाला.

"आणि तिथलं संपलं की?" सासूबाईंनी विचारलं. मुलाने उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही, नुसत्या अंगणातल्या मोटारीकडे बघत राहिल्या.

त्या मोटारीखाली विहीर होती. १९८१ मध्ये हे कुटुंब इथे राहायला आलं तेव्हा पंधरा फुटांवर पाणी लागायचं. पुढे १९९४ मध्ये बोअर मारलं, दारात मारुती आली आणि विहीर अडचणीची वाटू लागली. सासूबाई नको म्हणत होत्या, पण मामंजी ऐकेनात. घराच्या दुरुस्तीतून निघालेल्या विटा आणि कौलांचे तुकडे तिच्यात टाकले. घमेली वाहायला हाच मुलगा होता, तेव्हा बारा वर्षांचा. त्याला तो सुट्टीतला खेळ वाटला होता.

सासूबाईंचं माहेर पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात अठराव्या वर्षी त्यांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली होती. पाणी टिकणार नाही, खाली जिरून जाणार, असा तलाव बांधायचाच कशाला, हे तेव्हा त्यांना कळलं नव्हतं. पाऊस झाला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी आलं, तेव्हा कळलं.

नियम म्हणून या घरातही पाऊसपाण्याची सोय होती बरं का! बंगळूरात २००९ पासून मोठ्या जागांवरच्या घरांना ती सक्तीची आहे. पण गच्चीवरून आलेला पाइप एका पिंपात सोडलेला, आणि पिंपात पानं कुजलेली. अशी पिंपं आपल्याकडे कुठल्या शहरात नाहीत?

अखेर मोटार रस्त्यावर गेली आणि विहीर खणणारे आले. ते मण्णु वड्डर. कन्नडात मण्णु म्हणजे माती. "म्हणजे आपल्याकडचे माती वडारच की!" सासूबाई हरखल्या आणि खुर्ची टाकून दिवसभर तिथेच बसल्या. पहिल्या दिवशी विटा निघाल्या, दुसऱ्या दिवशी गंजलेली कप्पी. मुलाने ती उचलली, धुतली आणि काही न बोलता खिडकीत ठेवली.

चार फूट रुंद, पंचवीस फूट खोल. आत सिमेंटची कडी एकावर एक बसवली, पण सांधे भरले नाहीत आणि तळही मोकळाच ठेवला, कारण पाणी बाजूंनी आणि खालून जिरायला हवं. पहिल्या पावसात गच्ची धुऊन निघते, ते घाण पाणी वेगळं सोडायचं. नंतरचं पाणी खडी आणि वाळूतून गाळून विहिरीत. ते थेट बोअरमध्ये सोडायचं नाही, असं कारागिरांनी बजावलं. घाण एकदा त्या खोलीला पोहोचली की काढणार कोण? सांडपाण्याचा तर विहिरीशी संबंधही येता कामा नये.

२ जूनला बंगळूरात १११ मिलिमीटर पाऊस पडला. जूनमधल्या एका दिवसाचा तो विक्रम होता. या घराची गच्ची बाराशे चौरस फुटांची, म्हणजे एका दिवसात बारा हजार लिटर, टँकरच्या दोन फेऱ्या! रात्री सासूबाईंनी बॅटरीचा झोत टाकून कडी मोजली. वरची चारच मोकळी होती. सकाळी बारा.

पण बोअर? ते काही भरलं नाही. विहिरीतलं पाणी आधी वरच्या मुरमाच्या थरात पसरतं. खाली खडकाच्या भेगांत कधी आणि किती उतरेल, हे भेगांवर अवलंबून. ऑगस्टमध्ये मात्र उताराकडच्या शेजाऱ्यांच्या जुन्या, उथळ बोअरला पाणी आलं.

मुलगा चिडला. "पैसे आपले, खड्डा आपला, आणि पाणी त्यांना!"

सासूबाई हसू लागल्या. "अरे, पाझर तलावाच्या खाली माझं तरी शेत कुठे होतं?"

संध्याकाळी शेजारीण डबा घेऊन आली. आत गरम चित्रान्न होतं. "अज्जी, ते विहीर खणणारे पुन्हा कधी येतील?"

सासूबाईंनी सुनेकडून नंबर लिहून घेतला आणि तिच्या हातात दिला. "आधी नवऱ्याला गाडी हलवायला सांग. त्यालाच जास्त दिवस लागतात."